घर-अंगण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग तोंडावर आलाय, त्यामुळं यावेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं गळतीचीच आहेत. उरलेली उन्हाची आणि कुलरची. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण सारखे सारखे येणारे प्रश्न निवडून घेतलेत. एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच आधी सांगतो, सामान आणायला दुकानात जायच्या आधी अर्धा तास नुसतं घराभोवती फिरा, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून आत जातं ते बघा. नव्वद टक्के लोक ओल जिथं दिसते तिथंच पुट्टी लावून मोकळे होतात आणि मग पुढच्या वर्षी परत आम्हाला पत्र लिहितात.

प्रश्न : आमचं आजोबांच्या काळातलं माळवद (लाकडी तुळयांवर मातीचं धाबं) आहे, दगडी भिंती अडीच फुटाच्या. दोन वर्षांपासून मधल्या खणात लई गळायलंय. पोरगं म्हणतं वरून सरळ सिमेंटचा कोबा टाकून घेऊ, कायमची कटकट मिटंल. गवंडी पण तयार आहे. टाकावं का? — एक वाचक, औसा तालुका

उत्तर : काका, हात जोडून सांगतो, कोबा टाकू नका. तुम्ही औशाचे, तुम्हाला किल्लारी सांगायची गरज नाही, पण तुमच्या मुलाला सांगा. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चार वाजायच्या आत जे झालं त्यात गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं आपल्याच घराच्या मातीखाली आणि दगडाखाली गेली. भूकंप तर होताच, पण मारलं ते वजनानं. दरवर्षी गळतंय म्हणून वरून मातीचा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, असं करत करत धाब्यावर दोन-अडीच फूट माती चढलेली, आणि खाली भिंती कशा तर दोन्ही तोंडं दगडाची आणि मधी नुसता गाळ भरलेला, दोन तोंडांना एकमेकांशी बांधणारा आडवा दगड नाही. आता त्यावर तुम्ही आणखी कोब्याचं वजन ठेवणार म्हणजे काय करणार ते तुम्हीच बघा.

आणि दुसरं म्हणजे सिमेंट तिथं टिकतच नाही. माळवद हलतं, तुळया उन्हात सुकतात, पावसात फुगतात, माती खालीवर होते. सिमेंट कडक, त्याला हलता येत नाही, मग त्याला बारीक चिर पडते, त्या चिरेतून पाणी आत जातं आणि वर सिमेंट असल्यामुळं बाहेर निघत नाही. तुळई आतून कुजते आणि तुम्हाला वरून काहीच दिसत नाही. मी अशी एक तुळई हातानं उचलून बघितलीय, वरून रंग सुद्धा गेला नव्हता, आणि बोट दाबलं तर भुसा होऊन खाली आली.

मग करायचं काय. आधी खालून बघा, गळतंय त्या खणातली लाकडं काळी पडलीत का, खिळा टोचला तर सहज आत जातो का. जात असेल तर तिथं पहिला टेकू द्या आणि सुतार बोलवा, वर पाय ठेवू नका. लाकडं धड असतील तर आभाळ कोरडं असताना थोडा थोडा भाग उकरायला घ्या, एकदम सगळं नाही. माती काढत काढत एक वीतभर थर राहील इतकी कमी करा. त्या मातीवर जाड काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरा (जोड असेल तिथं एकावर एक हातभर चढवायचा), आणि वरून चाळलेली पांढरी माती, तिच्यात बारीक भुसा किंवा गव्हाचा काड कालवून, आठ दिवस भिजवून मुरवलेली. ती लाकडी चोपण्यानं चोपायची, धुम्मसनं धडाधड नको, खालची लाकडं हादरतात.

पाणी बहुतेक वेळा मधून गळतच नाही हे पण लक्षात ठेवा. साण्याच्या (उजेडासाठी धाब्यात ठेवलेल्या भोकाच्या) कडेनं, पन्हाळ्याच्या तोंडापाशी आणि उंदरांच्या बिळातून गळतं. साण्याभोवती चार बोटं उंच कड करून घ्या. पन्हाळं भिंतीच्या बाहेर हातभर तरी यायला पाहिजे, नाहीतर तेच पाणी भिंतीवरून उतरून दगडामधला गाळ धुऊन नेतं. काढलेली माती तिथंच भिंतीला टेकवून ठेवू नका, वावरात टाका, चांगली असते. आणि खरं सांगू का, पोराला बरोबर घेऊन करा हे काम, गवंडी माळवदाचा असेल तरच घ्या, आता तशी माणसं कमी राहिलीत, पण तुमच्याकडच्या जुन्या गावठाणात एखादा म्हातारा नक्की निघंल.

प्रश्न : आमचा पहिला मजला आहे, वर डायरेक्ट स्लॅब. दुपारी पंखा गरम हवा फेकतो, रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या असतात. आणि अवकाळी आला की कठड्याच्या बाजूनं ओल उतरते. कलरवाल्यानं गच्चीवर कोटिंगचा मोठा खर्च सांगितला. घरच्या घरी काही करता येईल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : येतं की. दोन्ही दुखणी एकमेकांची सख्खी आहेत. दिवसभर स्लॅब तापून पसरतो आणि संध्याकाळी एकदम वादळ येऊन गार पाणी पडलं की आखडतो, कठडा विटांचा, तो वेगळ्या चालीनं चालतो, म्हणून दोघांच्या सांध्यात चिर पडते. तुमची ओल तिथूनच उतरतीय, खात्री करायची तर त्या कोपऱ्यात चिंध्यांचा बांध घालून चार तास पाणी साठवा आणि खाली बघा.

सांध्यातली चिर नुसती वरून लिंपू नका. छिन्नीनं ती व्हीच्या आकारात अर्धा-पाऊण इंच उघडा, ब्रशनं धूळ काढा, पाण्यानं धुवा, मग सिमेंट आणि बारीक चाळलेली वाळू एकास तीन, त्यात दुकानात मिळणारं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड डब्यावर लिहिलंय तेवढंच. आणि त्यावर वाटा मारा. म्हणजे कठडा आणि स्लॅब जिथं काटकोनात मिळतात तिथं गोलाई द्यायची, बाटलीचं बूड फिरवून सुद्धा छान येते. पाणी कोपऱ्यात बसत नाही, घसरून पुढं जातं. आणि सात दिवस गोणपाट टाकून ओलं ठेवा. उन्हाळ्यात लोक संध्याकाळी एकदा पाणी मारतात आणि म्हणतात माल चांगला नव्हता. माल चांगलाच होता हो, त्याला पाणी मिळालं नाही.

उन्हासाठी चुना. यापेक्षा स्वस्त आणि चांगलं मला अजून काही सापडलं नाही. कळीचा चुना आणा, तयार पावडर नको. लोखंडी टिपाडात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा, उलटं करू नका, आणि प्लॅस्टिकची बादली तर अजिबात नको कारण चुना खदखदा उकळतो, बादली वितळते. डोळ्याला चष्मा लावा, लेकरं लांब ठेवा, ही गोष्ट गंमत नाही, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. रात्रभर मुरू द्या, सकाळी जुन्या साडीतून गाळून घ्या, माझं प्रमाण दहा किलो चुन्याला दोन किलो पांढरं सिमेंट आणि अर्धा किलो फेविकॉल, दुधापेक्षा थोडं दाट. गच्ची झाडून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाणी शिंपडून मग कुंच्यानं एक हात उभा, दुसऱ्या दिवशी एक हात आडवा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता चुना लावलेल्या भागावर तळहात ठेवा आणि शेजारच्या गच्चीवर ठेवा, मला परत पत्र लिहायची गरज पडणार नाही. पावसात तो निघून जातो, दरवर्षी मार्चमध्ये परत मारायचा.

प्रश्न : कुलरला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. मिस्टर म्हणतात चप्पल घालून लावत जा, काही होत नाही. खरंच काही होत नाही का? — एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, हे उत्तर वाचून होईपर्यंत कुलर बंद करा, आणि नुसतं बटण नाही, प्लग काढून ठेवा. होतं. माणूस जातो यात. मुंग्या येतात म्हणजे लोखंडी बॉडीत करंट उतरलाय, आज तुमचा हात कोरडा होता आणि पायात चप्पल होती म्हणून मुंग्यांवर भागलं. उद्या लेकरू अनवाणी, ओल्या फरशीवरून पळत येऊन कुलरला धरलं तर काय होईल याचा विचार करा.

दोन वर्षांखाली आमच्या घरी हेच झालं. आई कुलरमध्ये पाणी भरत होती, पाईप एका हातात, दुसरा हात कुलरच्या जाळीवर, आणि कुलर चालू. ती ओरडली सुद्धा नाही, नुसती थरथरायला लागली, बहिणीनं पळत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून आई वाचली. तिला हात लावून ओढलं असतं तर दोघी गेल्या असत्या. नंतर उघडून बघितलं तर पाण्यातल्या पंपाची वायर जोडापाशी सोललेली होती आणि प्लगची तिसरी पिन कुणीतरी, बोर्डात बसत नाही म्हणून, कापून टाकलेली. ती जाडी पिन म्हणजेच अर्थिंग असते हो, बॉडीत आलेला करंट तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून.

तुम्ही स्वतः एवढंच करायचं : प्लग काढलेला असताना तिसरी पिन आहे का बघा, हिरवी वायर कुलरच्या बॉडीला स्क्रूनं घट्ट आहे का बघा, पंपाची वायर कुठं सोललीय का बघा. सोललेली असेल तर चिकटपट्टी गुंडाळू नका, पंपच बदला, नवीन पंप फार महाग नसतो. बाकीचं वायरमनचं काम. त्याला सांगून बोर्डात 30 मिलीअँपचा आरसीसीबी बसवून घ्या, करंटची गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो, आणि त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघत जा. घराचं अर्थिंग मोजायला पण सांगा. आपल्याकडं अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असतो, मे महिन्यात ती माती भेगाळून कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं, म्हणजे जेव्हा कुलर चालू असतो नेमकं तेव्हाच. उन्हाळ्यात चार-आठ दिवसाला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा. नळाच्या पाईपाला वायर बांधून अर्थिंग करू नका, तो करंट न्हाणीतल्या नळाला येतो.

मिस्टरांना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : घर बांधून सहा वर्षं झाली, काळ्या जमिनीवर आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय. दर उन्हाळ्यात भरतो, दर पावसाळ्यानंतर परत दिसते. — एक वाचक, माजलगाव

उत्तर : तुमचं भरणं चुकत नाही, वेळ चुकतीय. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आखडते, तिच्यावर उभं असलेलं घर पण तिच्यासोबत वरखाली होतं. भेग उन्हाळ्यात मोठी दिसते म्हणून तुम्ही ती मे महिन्यात ठासून भरता, पुढं पावसात माती फुगून भिंत परत जागेवर यायला बघते, तर मधी तुमचं सिमेंट बसलेलं.

यावर्षी भरू नका. भेगेच्या दोन्ही बाजूला पेन्सिलनं एकेक खूण करा, मधलं अंतर पट्टीनं मोजून भिंतीवरच तारखेसकट लिहा, आणि वर्षभर दर महिन्याला मोजा. येऊन जाऊन तेवढ्यातच खेळत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण दर महिन्याला वाढतच चालली असेल, भेगेतून नाणं आरामात आत जात असेल किंवा दरवाजा चौकटीत अडकायला लागला असेल तर इंजिनिअरला दाखवा, तिथं घरगुती उपाय चालत नाहीत.

तोवर एक काम मात्र करा, आणि हे पाऊस यायच्या आत करा. घराभोवती तीन फूट रुंद फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन. पायाजवळची माती एकदम ओली आणि एकदम कोरडी व्हायला नको, सगळा खेळ तिथं आहे. पायाला लागून न्हाणीचं पाणी सोडलेलं असेल, गळका नळ असेल तर आधी तो बंद. आणि भिंतीपासून चार पावलांवर निलगिरी किंवा सुबाभूळ असेल तर तेही तुमच्या पायाखालचं पाणी ओढतंय.

प्रश्न : न्हाणीचं पाणी रस्त्यावर जातं, शेजाऱ्यांशी रोजची भांडणं. शोषखड्डा केला होता, सहा महिन्यात तुंबला. — एक वाचक, वसमत तालुका

उत्तर : किती खोल केला होता ते लिहिलं नाही तुम्ही, पण अंदाज आहे, चार फूट खणलं आणि काळ्या मातीतच थांबलात. काळी माती भिजली की पाणी खाली सोडतच नाही. मुरूम लागेपर्यंत खणायला पाहिजे, मग ते चार फूट असो का सात.

तुमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून गटारं बंद केली, एकदा जाऊन बघून या, फेरा लांबचा आहे पण डोळ्यानं बघितलेलं लक्षात राहतं. पद्धत अशी की खड्ड्याच्या मध्यभागी भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची आणि तिच्याभोवती दगड, खाली मोठे, वर लहान. पाणी टाकीत येतं, गाळ टाकीच्या तळाला बसतो आणि भोकातून नुसतं पाणी दगडात जातं. तुंबलं की टाकीचं झाकण काढून गाळ उपसायचा, सगळा खड्डा उकरायची गरज नाही. तुमच्या खड्ड्यात बहुतेक नुसते दगड भरलेत, म्हणून साबणाचा मेण आणि केस सगळे दगडात जाऊन बसले. पाणी टाकीत जायच्या आधी एक जुना माठ ठेवा, बुडाला भोकं, आत नारळाच्या शेंड्या, महिन्यातून एकदा शेंड्या बदलायच्या.

बोअरपासून पन्नास फूट तरी लांब, आणि संडासाचं पाणी यात चुकूनही सोडायचं नाही. जागा असेल तर खड्ड्याच्या कडेला दोन केळी आणि कर्दळ लावा, उरलेलं पाणी तीच पितात. केळी झाल्या की एक घड शेजाऱ्यांकडं पाठवा.

प्रश्न : लातूरला राहतो, गच्ची हजार स्क्वेअर फूट. पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडावं म्हणतोय. उपयोग होईल का? — एक वाचक, लातूर

उत्तर : 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या गावानं प्यायलं त्या गावात हा प्रश्न विचारला गेला याचंच मला बरं वाटलं. हिशोब बघा. हजार स्क्वेअर फूट म्हणजे 93 चौरस मीटर, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 93 लिटर. वर्षाला 600 मिलिमीटर जरी धरला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं धरलं तरी साधारण 44 हजार लिटर होतं. म्हणजे दहा हजाराचे चार टँकर तुमच्या डोक्यावरून दरवर्षी गटारात चाललेत.

पण डायरेक्ट बोअरमध्ये पाईप सोडू नका. गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची घाण एकदा आत गेली की बोअर धुता येत नाही. दोनशे लिटरच्या टिपाडात खाली मोठे गोटे, वर खडी, वर कोळसा, सगळ्यात वर धुतलेली जाड वाळू, मधीमधी मच्छरदाणीची जाळी. त्यातून गाळलेलं पाणी आधी हौदात घ्या आणि हौद भरल्यावरचं बोअरशेजारच्या दगडी खड्ड्यात जिरवा. पाईपाला खाली एक टी आणि बूच ठेवा, पहिले दोन-तीन पाऊस ते बूच उघडं ठेवून वाहून जाऊ द्यायचे. गच्चीला चुना मारला असेल तर पांढरं पाणी यायचं पूर्ण थांबेपर्यंत.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं नळ आणि फरशीवर पांढरे थर बसलेत. अ‍ॅसिड मारू का? — एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : नळावर मारू नका, चकाकी जाते. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेवा अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशनं घासा. शॉवरची जाळी काढून त्याच पाण्यात बुडवा. फरशी शहाबादी असेल तर अ‍ॅसिड तर नाहीच, लिंबूसत्व पण नाही, ती चुनखडीचाच दगड आहे, थर निघंल पण सोबत फरशीची वरची साल पण निघंल आणि ती परत कधी गुळगुळीत होत नाही. तिथं साबणाचं पाणी, काथ्या आणि हाताचा जोर, आणि आंघोळ झाली की वायपरनं पाणी ओढून घ्यायची सवय.